महाधमनीचे ऑपरेशन यशस्वी झाले, पण बाबा अजून उभारी धरत नाहीत

कुळागरातली, फोंडा तालुका

नमस्कार. माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. चैत्रात लघवीच्या तक्रारीसाठी त्यांची सोनोग्राफी केली, तेव्हा प्रोस्टेट राहिले बाजूला आणि भलतेच सापडले. पोटातल्या महाधमनीला ६.१ सेंटिमीटरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम होता. त्यापूर्वी त्यांचे पोट दुखले नव्हते की पाठ दुखली नव्हती. आदल्याच आठवड्यात ते सुपारीची पोती गाडीत चढवत होते. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्यांच्या खाली स्टेंट, म्हणजे जांघेतून आत सरकवायची जाळीदार नळी, नीट धरून राहील एवढी निरोगी जागा उरलेली नव्हती, म्हणून पोट उघडून कृत्रिम नळी बसवावी लागली. शस्त्रक्रिया राज्याबाहेर झाली. चार दिवस आयसीयूत आणि एकूण अकरा दिवस रुग्णालयात काढून आम्ही घरी आलो, त्याला आता साडेतीन महिने होत आले.

डॉक्टर समाधानी आहेत. जखम भरली आहे, दोन्ही पायांची नाडी उत्तम लागते, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पूर्वीइतकेच आहे. कागदावर सगळे ठीक आहे आणि अडचण घरात आहे. वजन आठ किलोंनी उतरले आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज दोन वाडगे पिणारा माणूस अर्धा वाडगा पिऊन भांडे सरकवतो. दुपारी झोपतात आणि रात्री जागे असतात. गेल्या सोमवारी पाडेली आला होता. एरव्ही नारळ पाडताना बाबा खाली उभे राहून मोजतात आणि पाडेल्याची मोजणी त्यांच्या मोजणीशी जुळली नाही, तर रास मोडून पुन्हा मोजायला लावतात. या वेळी ते सोप्यावरून उठले नाहीत, आणि पाडेली पैसे घेऊन गेल्यावरही किती नारळ झाले हे त्यांनी विचारले नाही. देवळातल्या गुरुवारच्या भजनाला एकदा गेले, अभंगाच्या दुसऱ्या कडव्याला दम लागला म्हणून थांबले, आणि त्यानंतर गेलेच नाहीत.

भावाला वाटते की बाबांचे मन खचले आहे. आईला वाटते की एवढ्या मोठ्या ऑपरेशनची घाई केली. परवा बाबा मला म्हणाले, “मी धडधाकट होतो. तुम्ही मला नेऊन आजारी करून आणलेत.” यावर मला उत्तर सुचले नाही. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी कृपया सांगावे की पूर्ववत व्हायला किती काळ लागतो, यातले नेहमीचे किती आणि काळजीचे किती, आणि वर्ष-दोन वर्षांनी माणसाचे रोजचे जगणे कसे असते.

मास्तर, म्हापसा

ताई, दोन शब्द इकडचे तिकडे सोडले तर तुमच्या बाबांचे वाक्य मी माझ्या मुलाला ऐकवले होते. सात वर्षांपूर्वी, वयाच्या ६४ व्या वर्षी, माझीही पोट उघडूनच शस्त्रक्रिया झाली. बाबा म्हणतात ते त्यांच्या अनुभवापुरते खरे आहे, हे आधी मान्य करा. गुडघा बदलून घेणाऱ्याचे दुखणे जाते, पित्ताशयातले खडे काढलेल्याची कळ थांबते, मोतीबिंदू काढलेल्याला दुसऱ्या दिवशी पेपर वाचता येतो. आमचा फुगा दुखत नव्हता, त्यामुळे तो गेल्याचे कळत नाही. कळते ते छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत पडलेली उभी चीर, गेलेली भूक आणि पायांतली गळालेली ताकद. शस्त्रक्रियेपूर्वी मला एकदाही आजारी वाटले नव्हते आणि नंतर चार महिने एकदाही बरे वाटले नाही. तरीही निर्णय बरोबर होता, पण हे पटायला मला त्याहून अधिक वेळ लागला.

पहिल्या सहा आठवड्यांविषयी फार लिहीत नाही. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, एवढे शिकलो. खरा कंटाळवाणा काळ त्यापुढचा होता, कारण बघायला येणारे थांबले होते आणि मी मात्र बरा झालो नव्हतो. तोंडाची चव पार गेली होती. घरात मासळीचे हुमण शिजू लागले की मी मागच्या पडवीत जाऊन बसत असे, आणि मी गोव्याचा माणूस आहे हे लक्षात घ्या. बायकोने दोन वेळची भरली ताटे बंद केली आणि दिवसातून सहा वेळा वाटीभर काहीतरी द्यायला सुरुवात केली : कधी अंडे, कधी मुगाचे कढण, कधी तिखट न घातलेली मासळी. चौथ्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी मी आपणहून दुसरी पोळी मागितली, ते तिने अजून लक्षात ठेवले आहे.

चालण्याचा हिशेब मी रस्त्यावरच्या विजेच्या खांबांनी ठेवला. घरी आल्यावर पहिले काही दिवस एक खांब गाठायचा आणि परत यायचे. तिसऱ्या आठवड्यात चार खांब झाले. मध्ये पाऊस लागला तेव्हा तीन दिवस गेलो नाही, आणि पुन्हा दोनावर आलो, त्या दिवशी मी रडलो होतो. पाचव्या महिन्यात शुक्रवारच्या बाजारात जाऊन आलो. डॉक्टरांनी स्कूटरला दोन महिन्यांनी परवानगी दिली होती. जड उचलायला मात्र त्यांनी पुष्कळ काळ मनाई केली होती आणि ती मनाई मी पुरेशी पाळली नाही. तिसऱ्या वर्षी जुन्या चिरेच्या जागी हर्निया उतरला आणि जाळी बसवून घ्यावी लागली. तेव्हा सुपारीची पोती सध्या दुसऱ्याला उचलू द्या.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. रात्री उताणे पडून मी पोटावर हात ठेवत असे आणि नाडी उडते आहे का, किती जोरात उडते आहे, हे तपासत असे. झोप न येण्याचे तेच मोठे कारण होते. तुमचे बाबा रात्री जागे असतात तेव्हा त्यांचा हात कुठे असतो, ते एकदा बघा.

सात वर्षांनंतर आज मी बागेत पाणी घालतो, नातवाला शाळेत सोडतो, गणपतीत आरत्या म्हणतो. दम पूर्वीपेक्षा थोडा कमी आहे. तो वयाने कमी झाला की ऑपरेशनने, ते मला ठरवता येत नाही.

जत्रेकर, पेडणे

डॉक्टर समाधानी असताना एवढा विचार कशाला करता? माझ्या मावसभावाचा हाच फुगा न कळता फुटला आणि रस्त्यातच सगळे आटोपले. तुमचे वडील समोर बसलेले आहेत, ही देवाची कृपा माना. भूक काय, आज ना उद्या लागेल.

निवृत्त परिचारिका, मडगाव

जत्रेकर, तुमच्या घरचा प्रसंग ऐकून वाईट वाटले आणि तुमच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. निरोगी माणसाची पोटातली महाधमनी सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते, ३ च्या पुढे गेली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांत ५.५ च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण त्यापुढे फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्याहून मोठा होतो. फुगा फुटलेल्यांपैकी बहुतेकजण वाचत नाहीत आणि त्यांतले पुष्कळसे रुग्णालयात पोचतच नाहीत. तेव्हा ६.१ सेंटिमीटरला घाई झाली असे ताईंच्या आईंनी मनात ठेवू नये. परंतु जीव वाचला म्हणून भुकेचा, झोपेचा आणि उत्साहाचा प्रश्न किरकोळ ठरत नाही. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया विभागात मी बावीस वर्षे काम केले, आणि ‘आता काय, बरे झालात’ या वाक्यामुळे आपली तक्रार गिळून बसलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले.

हा प्रश्न संशोधकांनीही गंभीरपणे घेतला आहे. १९९९ पासून ब्रिटनमध्ये ‘एव्हार-१’ नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात साठीच्या पुढचे आणि ५.५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा फुगा असलेले रुग्ण दोन गटांत विभागले होते : एका गटात पोट उघडून नळी, दुसऱ्यात जांघेतून स्टेंट. पहिल्या तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के आणि स्टेंटमध्ये १.७ टक्के निघाले. रुग्णांकडून जीवनमानाच्या प्रश्नावल्याही भरून घेतल्या होत्या. त्यांपैकी एसएफ-३६ या प्रश्नावलीत जिने चढणे, पिशवी उचलणे, अंगातला उत्साह, लोकांत मिसळणे, मनाची अवस्था असे छत्तीस प्रश्न असतात. सुरुवातीच्या महिन्यांत स्टेंटवाले स्पष्टपणे पुढे होते, पण वर्षभरात दोन्ही गट जवळजवळ एका पातळीवर आले. हॉलंडमधल्या ‘ड्रीम’ चाचणीत तर सहा महिन्यांनंतर पोट उघडलेल्यांनी आपले जीवनमान स्टेंटवाल्यांपेक्षा किंचित चांगले सांगितले. ‘एव्हार-१’च्या पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात असेही दिसले की आठ वर्षांनंतर फुग्याशी संबंधित मृत्यू स्टेंटच्या गटात अधिक होते. सांगायचे एवढेच की बाबांनी पहिल्याच वर्षात किंमत मोजली आहे. सध्याचे त्यांचे दिवस हे पुढच्या आयुष्याचे माप नव्हे.

शरीराची ताकद साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत सावरते, उत्साह त्याच्या मागून येतो आणि काहींना वर्ष लागते. तेव्हा साडेतीन महिन्यांना दम लागणे हे मला वेळापत्रकाबाहेरचे वाटत नाही. मात्र आठ किलो वजन जाणे, अन्नावरची वासना उडणे आणि आवडीच्या कामातला रस संपणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या असताना मी केवळ वाट पाहणार नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता शल्यविशारदांना हे शब्दांत सांगा, कारण बाह्यरुग्ण विभागातल्या सात मिनिटांत बाबा ‘ठीक आहे’ एवढेच म्हणत असणार. हिमोग्लोबिन, प्रथिने, साखर आणि थायरॉईड तपासून घ्यायला सांगा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर त्यानेही थकवा येऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त डोस पाहायला सांगा.

एक प्रश्न मुद्दाम विचारा : भूक लागत नाही म्हणून ते खात नाहीत, की खाल्ल्यावर पोटात कळ येते म्हणून खायला भितात? या शस्त्रक्रियेत मोठ्या आतड्याकडे जाणारी एक धमनी बहुधा बंद होते. बहुतेकांना ते सोसते, कारण रक्त दुसऱ्या वाटांनी पोचते, पण जेवणानंतर नेमाने कळ येत असेल तर ते डॉक्टरांना लगेच कळले पाहिजे. तसेच थंडी वाजून ताप येणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, पाठीत किंवा पोटात अचानक तीव्र वेदना, एखादा पाय गार पडून दुखणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की महाधमनीत कृत्रिम नळी आहे.

प्रोस्टेटचा उल्लेख आहे म्हणून आणखी एक. लघवीतल्या जंतुसंसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन सर्रास दिले जाते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम असलेल्यांना किंवा तो होण्याचा धोका असलेल्यांना, दुसरा पर्याय असेल तर, या गटातली प्रतिजैविके देऊ नयेत. फोंड्यातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एवढी आठवण करून द्या. ते रागावणार नाहीत.

आणि बाबांना भाऊ आहेत का? हा आजार घराण्यात आढळतो, विशेषतः पुरुषांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत. एका साध्या सोनोग्राफीत कळते.

नाव नको, वास्को

मी ५८ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही जांघांतून स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि तीन आठवड्यांत कामावर गेलो, त्यामुळे वरवर पाहता माझे फार सोपे झाले. ज्या गोष्टीसाठी लिहितो आहे ती ताईंना उद्देशून नाही, पण त्यांनी वाचावी.

स्टेंट बसण्यासाठी माझ्या उजव्या बाजूची श्रोणीकडे, म्हणजे कमरेखालच्या भागाकडे, जाणारी धमनी बंद करावी लागली. त्यानंतर दोनशे पावले चाललो की उजव्या कुल्ल्यात असा गोळा येई की थांबावे लागे, आणि वैवाहिक जीवनही जवळजवळ संपले. कुल्ल्याचे दुखणे नेमाने चालत राहिल्यावर सात-आठ महिन्यांत बरेच कमी झाले, दुसरी गोष्ट अर्धवटच सावरली. असे होऊ शकते, हे संमतिपत्रात होते, हे मला नंतर घरी फाईल चाळताना दिसले. सही रात्री साडेनऊला घेतली होती, चार पानांवर. त्या रुग्णालयावर माझा राग शस्त्रक्रियेसाठी नाही. ती त्यांनी चांगली केली. पाच मिनिटे दार लावून माझ्याशी बोलले असते तर पहिले सहा महिने मी बायकोशी विनाकारण तुटक वागलो नसतो, कारण दोष तिच्याकडे आहे की माझ्या मनात, असेच मी शोधत बसलो होतो.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही महाधमनीच्या पुढच्या बाजूने जाणाऱ्या बारीक मज्जातंतूंना धक्का लागू शकतो आणि त्याने पुरुषाला तक्रारी येतात, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. ६९ वर्षांच्या माणसाला याचे काय, असे तरुणांना वाटते. वडील मुलीला हे कधीच सांगणार नाहीत. पुढच्या भेटीत भावाने बरोबर जावे आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे की बाबांना एकट्याला दोन मिनिटे द्या.

मास्तरांचे नाडी तपासणे वाचले आणि हसू आले, कारण माझे तेच स्कॅनच्या आधी होते. स्टेंटवाल्याला जन्मभर तपासणी करत राहावी लागते : पहिला सीटी महिन्याभरात, दुसरा वर्षाने, पुढे दरवर्षी सोनोग्राफी किंवा सीटी. माझ्या पहिल्याच स्कॅनमध्ये स्टेंटच्या बाहेरून फुग्यात थोडे रक्त झिरपताना दिसले. फुगा वाढत नाही तोवर नुसती नजर ठेवायची, असे ठरले आहे. तो वाढलेला नाही. तरीही दर वर्षी तारखेच्या आधीचे पंधरा दिवस मी घरात कोणाशी धड बोलत नाही, आणि रिपोर्ट हातात आला की त्याच संध्याकाळी बायको शिरा करते.

कुळागरातली, फोंडा तालुका

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार. वास्कोच्या दादांचे विशेष, कारण ते लिहिणे सोपे नव्हते.

बाबांना कळ येत नव्हती. त्यांना खरोखरच अन्नावर वासना नव्हती. हिमोग्लोबिन ८.९ निघाले, त्यावर औषध सुरू झाले आहे. बाकी तपासण्या ठीक आल्या. बीटा-ब्लॉकरचा डोस डॉक्टरांनी निम्मा केला. भाऊ बरोबर गेला होता आणि ठरल्याप्रमाणे तो बाहेर थांबला. आत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही, पण दोन मिनिटांची वीस मिनिटे झाली आणि परतताना बाबांनी कुर्टीला गाडी थांबवून चहा घेतला. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडेही चिठ्ठी दिली आहे. बाबांनी ती घडी घालून पंचांगात ठेवली आहे, त्यामुळे त्या बाबतीत अजून काही सांगण्यासारखे नाही.

हात पोटावरच असतो, मास्तर. आईने बघितले. त्यावर डॉक्टरांनी सांगितले की नळी बसवल्यावरही नाडी उडणारच, ती थांबली तर उलट घाबरायचे. हे बाबांना पटले आहे की नाही माहीत नाही, पण त्यानंतर दोन रात्री ते चारपर्यंत झोपले.

रस्त्यावर आमच्याकडे खांब फार दूरदूर आहेत, म्हणून ते कुळागरातल्या पाटाच्या कडेने माड मोजत चालतात. काल अठरा माड झाले. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळे बांधायच्या चौकटीला, ते यंदा शिडीवर चढले नाहीत, खुर्ची टाकून खाली बसले आणि कुठले फळ कुठे बांधायचे यावरून भावाशी एवढे भांडले की आईला मध्ये पडावे लागले.

परिचारिका ताई, बाबांना एक धाकटे भाऊ आहेत, ६४ वर्षांचे, रोज दोन कट्टे विड्या ओढणारे. बाबांनीच त्यांना हट्टाने सोनोग्राफीला नेले. ३.४ सेंटिमीटर निघाले. वर्षाने पुन्हा बघायला सांगितले आहे. काकांना काहीच होत नाही, त्यामुळे ते हसण्यावारी नेत आहेत आणि बाबा त्यांच्यावर भयंकर चिडले आहेत. अशा माणसाची विडी कशी सोडवावी, यासाठी वेगळा धागा काढू का, की इथेच विचारू?